नमुना आठवर नाव आहे, पण जागा कोणाची?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मामांना एक जुनं कवेलूचं घर फार आवडलं होतं. मागे मोठी सांदवाडी, तिच्यात विहीर, कोपऱ्यात चिंच. सौदा जुळला, बयाणा म्हणजे इसाराची आगाऊ रक्कम ठरली आणि विकणाऱ्याने पिशवीतून ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढून त्यावर बोट ठेवलं, "हे पाहा भाऊ, माझंच नाव." नाव त्याचंच होतं, पण ते भोगवटादाराच्या, म्हणजे जागा वापरणाऱ्याच्या, रकान्यात होतं. शेजारी मालकाचा रकाना असतो, तिथे एकच शब्द होता: शासन. मामा क्षेत्रफळाचे आकडे वाचण्यात गुंतले होते. मी शेजारी बसलो होतो म्हणून त्या दिवशी बयाणा खिशातच राहिला.

नमुना आठ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढं ग्रामपंचायतीला कळावं म्हणून ती असते. घरकुलापासून वीजजोडणीपर्यंत सगळीकडे हाच कागद मागतात, म्हणून लोक त्याला मालकीचा कागद समजतात. पण कोर्टात मालकी ठरते ती नोंदणीकृत विक्रीपत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, सनद किंवा वारसा यावरून. चाळीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या ताबा दाखवायला कामी येतात, मालकी त्यांनी मिळत नाही.

आधी जागेची जात ओळखा

गावातलं घर साधारण चार प्रकारच्या जागेवर असतं आणि प्रत्येकीचे कागद वेगळे.

जुन्या गावठाणातलं घर असेल तर आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मागा. बऱ्याच गावांत ती पूर्वी नव्हतीच, कारण गावठाणाची मोजणीच झालेली नव्हती. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभाग, भूमी अभिलेख आणि ग्रामविकास विभाग मिळून ड्रोनने ही मोजणी करतात. गावात दवंडी होते, घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात, ड्रोन उडतं, मग चौकशी अधिकारी घरोघरचे कागद पाहतो. चौकशीच्या दिवशी घरी राहा. पोरगा पुण्याला आणि म्हातारी शेतात, अशा वेळी शेजाऱ्याची रेघ आपल्या सांदवाडीत शिरते. निर्णय पटला नाही तर महसूल संहितेप्रमाणे वरिष्ठ भूमी अभिलेख अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. साधारण मुदत ६० दिवसांची.

दुसरी जागा लेआउटची. तिथे अकृषक म्हणजे बिगरशेती वापराचा आदेश, मंजूर नकाशा आणि सातबारा हे तिन्ही हवेत. एजंटने रंगीत छापलेला नकाशा मंजूर असेलच असं नाही. त्यावर मंजुरीचा शिक्का आणि क्रमांक पाहा.

तिसरी शेतातली. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, ठरलेली रक्कम भरल्यावर, अकृषक मानली जाते. त्यापलीकडच्या शेतात दोन हजार चौरस फुटांचा "प्लॉट" कोणी विकत असेल तर शेताचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदीचा कायदा मधे येऊ शकतो. आधी तहसीलमध्ये विचारा, पैशाचं बोलणं नंतर. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" लिहिलेलं असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. विकणारा आदिवासी आणि घेणारा बिगरआदिवासी असेल तर कलम ३६-अ खाली, शासनाच्या पूर्वमान्यतेने दिलेली जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. मेळघाट, केळापूर, गडचिरोलीकडे "आपसात लिहून घेऊ" म्हणणारे अजून भेटतात. असा व्यवहार टिकत नाही, जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते.

चौथी सरकारी. मामांचं घर यातलंच. रहिवासी अतिक्रमण नियमित करण्याचं शासनाचं धोरण आहे, त्यात १ जानेवारी २०११ ही तारीख महत्त्वाची. पण आपल्याकडे विदर्भात एक वेगळीच अडचण आहे, ती झुडपी जंगलाची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही नोंद गावोगाव सापडते. जमिनीवर झाडाची काडी नसेल, शाळा नाहीतर अख्खी वस्ती उभी असेल, तरी कागदावर ती झुडपी जंगल असते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा जमिनी वनजमीनच असल्याचं सांगितलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जमिनींना नियमित होण्याची वाट ठेवली, नंतरच्या वाटपांची छाननी कडक केली. म्हणून या जिल्ह्यांत वस्तीतलं घर घेतानाही पटवाऱ्याकडून त्या सर्व्हे नंबरचा जुना अधिकार अभिलेख पाहून घ्या.

बयाणा देण्याआधी

सातबारा आणि आखीव पत्रिका महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. सहीचा डिजिटल सातबारा १५ रुपयांत मिळतो. मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्या. सूची क्रमांक २ वर कोणी कोणाला काय दिलं ते कळतं. सोसायटी किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात पाहा. घरपट्टी आणि पाणीपट्टी बाकी नसल्याचा दाखला ग्रामपंचायतीतून आणायला विकणाऱ्यालाच सांगा.

एक फीत घेऊन घर स्वतः मोजा. नमुना आठवर ४० बाय २५, विक्रीपत्राच्या मसुद्यात ४० बाय ३० आणि जागेवर ३७ बाय २४, असं आमच्याच गावात निघालं आहे. चतुःसीमा मसुद्यात लिहिताना "पूर्वेस रस्ता" एवढ्यावर भागवू नका, शेजाऱ्याचं नाव आणि घर क्रमांक टाका.

बयाणा २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीने देता-घेता येत नाही, आयकर कायद्याची मनाई आहे. इसारपत्र लिहूनच घ्या. पण इसारपत्राने घर आपलं होत नाही, नोटरी केली तरी नाही. शंभर रुपयांवरच्या किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत विक्रीपत्रानेच विकली जाते, हा नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून आहे. स्टॅम्पवर लिहून ताबा घेतलेली घरं गावात रग्गड आहेत. विकणारा जिवंत असेपर्यंत कोणी बोलत नाही, तेरवी झाली की त्याची मुलं बोलू लागतात.

रजिस्ट्रीच्या दिवशी

मुद्रांक शुल्क विक्रीची किंमत किंवा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर, जे जास्त असेल त्यावर लागतं. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते.

सोबत न्यायचं ते असं: दोघांचे आधार, फोटो, व्यवहार मोठा असेल तर पॅन, ताजा नमुना आठ, आखीव पत्रिका किंवा सातबारा, मागचं विक्रीपत्र आणि ओळखीचे दोन साक्षीदार. विकणारा वारस असेल तर इतर वारसांच्या सह्या. माहिती आधी ऑनलाइन भरायची असते. कार्यालयाबाहेरचे अर्जनवीस भरून देतात. भरलेल्यातलं नावाचं स्पेलिंग स्वतः वाचा, नंतर चूकदुरुस्ती लेखाचा खर्च आपल्याच अंगावर. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला दाखल करावा लागतो.

रजिस्ट्रीनंतरचं काम

सातबाऱ्यावर फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, पटवारी घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. आखीव पत्रिकेचं काम तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. नमुना आठसाठी ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज करा: विक्रीपत्राची प्रत, सूची क्रमांक २, कर भरल्याची पावती आणि आधार. विषय मासिक सभेत जातो, ठराव होतो. नवरा-बायको दोघांचं नाव लावायचं असेल तर त्याच अर्जात मागा.

वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं शपथपत्र आणि वारस नोंदीचा अर्ज द्यावा लागतो. बहिणींची नावं गाळून शपथपत्र करण्याची सवय अजून गेलेली नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. रक्षाबंधनाला तोंडी सोडलेला हक्क कागदावर तसाच राहतो. मोबदला न घेता भावाच्या नावे वारसाहक्काचा हिस्सा सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं.

नमुना आठचा उतारा लोकसेवा हक्क अधिनियमाच्या यादीत आहे. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि तारखेची पोच मागा. "उद्या या" म्हणता म्हणता ठरलेली मुदत गेली की ती पोच जोडून प्रथम अपील करता येतं.

मामांच्या त्या घराचा विकणारा आता अतिक्रमण नियमित करायच्या मागे लागला आहे. मामांनी त्याला आखीव पत्रिका हातात आली की फोन कर म्हणून सांगितलं आहे. चिंचेवर मात्र त्यांचा अजून जीव आहे.