झाड सुकलंय म्हणजे तहानलंच असेल असं नाही

टोमॅटोनं माना टाकल्या की घरातलं कुणीतरी लगेच पाण्याचा मग घेऊन धावतं, आमच्याकडे हा मान आईचा, आणि "अगं, मातीत बोट घालून तर बघ" म्हणेपर्यंत मग रिकामा झालेला असतो.

पाण्यावाचून सुकणं सगळ्यांना कळतं. झाडात ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक वाढतं, पानांवरची छिद्रं मिटतात, तेवढ्यानं भागलं नाही की पानं लुळी पडतात. पाणी दिलं की काही तासांत परत ताठ. (भोपळ्याची पानं भर दुपारी लोंबतात आणि संध्याकाळी आपली आपण सावरतात, ते तर सोडूनच द्या.)

घोळ आहे तो पाण्यात उभं राहून सुकण्याचा. लोकांना वाटतं जास्त पाणी म्हणजे मुळं सडली. सडतात, पण ते नंतर. आधी मुळांचा श्वास कोंडतो, कारण मातीतल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरतं आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण 10,000 पट हळू सरकतो. ऑक्सिजन नाही म्हणून मुळांच्या पेशी आतून आंबट होतात आणि त्या आंबटपणानं पेशींच्या पडद्यातली पाण्याची दारं, म्हणजे ॲक्वापोरिन, बंद होतात. भोवती पाणीच पाणी आणि मुळाला ते ओढता येईना! वर पान तहानलेलंच, म्हणून तर दोन्ही झाडं लांबून सेम दिसतात.

टोमॅटोत जास्त पाण्याची एक खूण मिळते. कोंडलेल्या मुळांत एसीसी नावाचा पदार्थ साठतो, त्याचं इथिलीन (झाडाचं वायुरूप संप्रेरक) व्हायला ऑक्सिजन लागतो, तो खाली नसतो, मग एसीसी पाण्याबरोबर वर चढतं आणि पानात जाऊन त्याचं इथिलीन होतं, त्यानं देठाची वरची बाजू जास्त वाढते आणि देठ खाली वाकतो. अशा वेळी पान बऱ्याचदा हाताला भरीव लागतं, लुळं नाही. पिवळेपणावरून मात्र काही ठरवू नका, तो दोन्हीकडे असतो.

कपाशीवाल्यांना हे दृश्य पक्कं ठाऊक असतं. पावसाचा मोठा खंड पडून एकदम जोराचा पाऊस झाला की एक-दोन दिवसांत हिरवीगार झाडं माना टाकतात, आकस्मिक मर म्हणतात त्याला, त्यात बुरशी नसते तरी फवारणीचा पंप निघतोच. अहो, आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती नुसती ओलसर होऊ द्या!

कुंडीचंही तेच. बोट दोन पेरं खोल घाला, ओलं लागलं तर हातातला मग खाली ठेवा आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून द्या. ती ताटली मला मुळात आवडतच नाही.