नवशिका घोडा अडथळ्यावर का कोसळतो?

स्टीपलचेस म्हणजे उंच अडथळ्यांवरून उड्या मारत धावायची घोड्यांची शर्यत. तीत घोडा अडथळ्यावर आपटला की पाहणारे म्हणतात, उडी कमी पडली. बहुतेक वेळा खरं कारण वेगळंच असतं. जरा गणित मांडून बघू. शर्यतीचा, थरोब्रेड जातीचा घोडा साधारण ५०० किलोचा असतो. ब्रिटनमधल्या नियमानुसार स्टीपलचेसचा अडथळा किमान साडेचार फूट, म्हणजे १.३७ मीटर उंच लागतो. पण उभ्या घोड्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानतात तो बिंदू, मुळातच जमिनीपासून सव्वा मीटरच्या जवळपास असतो. पाय पोटाशी घेतले, तर तो आणखी अर्धा मीटर वर गेला तरी भागतं. त्याला लागणारी ऊर्जा सुमारे २,४५० ज्यूल. सेकंदाला १३ मीटर वेगाने धावणाऱ्या त्याच घोड्याच्या अंगात गतीची ऊर्जा असते ४२,००० ज्यूलहून जास्त. म्हणजे उडीसाठी त्यातला जेमतेम सतरावा हिस्सा पुरतो.

जोर भरपूर आहे. तो नेमक्या कुठल्या जागी लावायचा, ते नवशिक्या घोड्याला अजून कळलेलं नसतं.

भरधाव घोड्याची एक झेप सहा-सात मीटरची असते. अडथळ्यापाशी पोचताना ती झेप बरोबर उडीच्या जागेवर संपेलच असं नाही. अंदाज दोन-तीन मीटरने सहज चुकू शकतो. मुरलेला घोडा तीन-चार झेपा आधीच हे ओळखतो. मग तो झेपा थोड्या आखूड करतो, किंवा लांबवून दुरूनच उडी घेतो. नवा घोडा शेवटच्या क्षणापर्यंत दोन्हींच्या मधे अडकून राहतो. लांबून उडावं म्हणून अंग उचलतो आणि तेवढ्यात आणखी एक पाऊल टाकायला पुढचे पाय खाली आणतो. मग अडथळा छातीशी येतो आणि पाय वर घ्यायला जागाच उरत नाही.

इथे भौतिकशास्त्र निर्दय आहे. घोडा हवेत असतो सुमारे सहा दशांश सेकंद आणि तेवढ्यात आठ मीटर पुढे जातो. एकदा खूर जमिनीवरून सुटले की गुरुत्वमध्याचा मार्ग ठरलेला असतो; मान ताणून, पाय आवळून तो शरीराची ठेवण बदलू शकतो, मार्ग नाही. अशा वेळी मागचे पाय अडथळ्याला घासले तर बहुधा निभावतं, कारण पुढचे पाय जमीन गाठायला आधीच पुढे गेलेले असतात. पण पुढचे पाय गुडघ्याच्या वर अडकले तर धावत्या माणसाचा पाय उंबऱ्याला अडकावा तसं होतं. पुढचा भाग जागीच अडतो आणि मागचा भाग त्याच वेगाने वरून पुढे येतो. घोडा कोलांटी खातो. सगळ्यात धोकादायक पडणं हेच, घोड्यासाठी आणि स्वारासाठीही.

उतरणंही सोपं नाही. आधी एक पुढचा पाय टेकतो, मग दुसरा, आणि त्या क्षणी मागचे पाय हवेतच असतात. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याची छाती दोन खांद्यांच्या मधे स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. उतरण्याचा सगळा दणका ती झोळी आणि पायामागचे कंडरे, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, सोसतात. भरधाव धावताना कंडऱ्याच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत जातं, असं १९९० च्या दशकात थेट मोजून दाखवलं गेलं. मे महिन्यात नागपूरकर ज्या आकड्याने हैराण होतात, तोच हा आकडा, आणि तो घोड्याच्या पायाच्या आत. शर्यतीच्या घोड्यांचे कंडरे का दुखावतात, त्याचं एक संभाव्य कारण या आकड्यात दिसतं.

नवशिक्यांची आणखी एक अडचण आहे आणि ती माणसांनीच तयार केलेली आहे. ब्रिटन-आयर्लंडमध्ये बरेच घोडे आधी हर्डल शर्यती धावतात. हर्डल साडेतीन फुटांचं असतं आणि पाय लागला की कलतं. तिथे घोडा शिकतो की वेग कमी न करता, सपाट उडी मारून, थोडं घासून गेलं तरी चालतं. पुढच्या वर्षी त्याच घोड्याला बर्चच्या फांद्या घट्ट बांधून केलेल्या स्टीपलचेसच्या अडथळ्यापुढे नेतात. हंगाम सुरू होण्याआधी ज्याने एकही स्टीपलचेस जिंकलेली नाही, तो तिथे नवशिका म्हणजे नॉव्हिस ठरतो. नवशिका म्हटलं तरी त्याच्या अंगात जुनी सवय मुरलेली असते, आणि आधी तीच मोडावी लागते. मला हा टप्पा सगळ्यात नाजूक वाटतो.

आता डोळ्यांकडे येऊ. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दोन्ही डोळ्यांनी मिळून खोलीचा अंदाज मात्र समोरच्या अरुंद पट्ट्यातच येतो. कपाळाच्या अगदी पुढचं आणि नाकाखालचं दिसत नाही. त्यामुळे शेवटच्या पावलात अडथळा त्याच्या नजरेतून निसटतो आणि आधी पाहिलेल्याच्या आठवणीवर त्याला उडी पूर्ण करावी लागते. स्वाराने लगाम आवळून धरला, तर मान वर-खाली करून अंतर जोखायची सोयही जाते.

रंगाचंही तसंच. घोड्याला निळा आणि पिवळा नीट ओळखता येतो. लाल, नारिंगी आणि हिरवा त्याला जवळपास सारखेच. तरीही ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या कडा आणि पायथ्याच्या फळ्या वर्षानुवर्षं नारिंगी होत्या, कारण स्वाराला तो रंग ठळक दिसतो. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्याच्या नजरेने हे तपासलं, तेव्हा हिरवळीवर पांढरा, चमकदार निळा आणि झळझळीत पिवळा जास्त उठून दिसतो असं आढळलं. २०२२ पासून त्या नारिंगी कडा आणि फळ्या पांढऱ्या होऊ लागल्या. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं लागली याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर सपाट शर्यती होतात, स्टीपलचेस नाही. पण उडी शिकण्याची पहिली पायरी पाहायला इंग्लंड गाठायची गरज नाही. नागपूरबाहेर घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका मैदानावर मी एका तरुण घोडीला जमिनीवर आडव्या ठेवलेल्या बांबूंवरून नेताना पाहिलं. पहिल्या बांबूशी ती थबकली. कान पुढे, नाक खाली, हुंगून झालं, मग एकेक पाय गरजेपेक्षा दुप्पट उचलत पलीकडे गेली. दुडक्या चालीत तेच करताना पुढचे पाय बरोबर पडले, पण मागचा खूर बांबूवर ‘टक्’ वाजला. पुढच्या फेरीत तो वाजला नाही. मोतद्दाराने मग बांबूला चुना फासला आणि उडीच्या आडव्या दांड्यापुढे, पायथ्याशी, एक बांबू टाकला. पायथ्याची ही रेघ घोड्याला उडी कुठून घ्यायची ते सांगते. पाय मागे सरले, अंतर सुधारलं, आणि घोडीला कुणी टाच मारावी लागली नाही.

शिंगराला लवकर उडीला जुंपलं तर तो पुढे जास्त तरबेज होतो का? नेदरलँड्समध्ये हे तपासलं गेलं. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. लहानपणापासून सराव केलेले घोडे चौथ्या वर्षी कमी श्रमात, नेमकी उडी मारत होते. पण नंतर सराव केलेल्या आणि न केलेल्या, अशा दोन्ही गटांना वर्षभर सारखंच शिकवलं, तेव्हा फरक उरला नाही. मोठ्या वयातला शांत, नेटका सराव पुरतो, असं मी यातून घेतो.

घाईची किंमत मात्र आकड्यांत दिसते. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं, की चाबूक पडत असताना पुढे सरकणाऱ्या घोड्याला पडण्याचा धोका, चाबूक न पडणाऱ्या आणि पुढे न सरकणाऱ्या घोड्याच्या सात पटींहून अधिक होता. चाबकामुळे पडतो की वेगामुळे, हे यावरून वेगळं काढता येत नाही. पण अंदाज जुळवायला ज्याला वेळ हवा, त्याच्या हातून तो वेळच हिसकावला जातो, एवढं स्पष्ट आहे. जमीनही इथे बोलते. आपल्या काळ्या मातीचं शेत मे महिन्यात टणक आणि जुलैत चिकट होतं हे विदर्भात सांगायला नको. टणक मैदानावर घोड्याचा वेग वाढतो, म्हणून ब्रिटनमधले आयोजक कोरड्या दिवसांत मैदानाला पाणी देतात.

लिव्हरपूलजवळच्या एंट्री (Aintree) या रेसकोर्सवरची ग्रँड नॅशनल ही या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध शर्यत. तिथे २०१३ मध्ये अडथळ्यांच्या गाभ्यातलं लाकूड काढून लवचीक प्लास्टिक आलं. २०२४ मध्ये घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ वर आणली आणि पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेच्या जवळ घेतला, म्हणजे घोडे त्याच्यापाशी पोचेपर्यंत फार वेग धरत नाहीत. त्या वर्षी ३२ घोडे धावले, २१ नी शर्यत पूर्ण केली, चार स्वार खाली आले, पण एकही घोडा पडला नाही. पुढच्या वर्षी ब्रॉडवे बॉय हा घोडा आघाडीवर असताना पंचविसाव्या अडथळ्यावर जोरात कोसळला. तो वाचला.