दबा धरून बसलेला आजार

डॉक्टरांच्या कागदांवर कधीकधी ‘इन्सिडियस ऑनसेट’ असा शेरा दिसतो. म्हणजे आजार नेमका कधी सुरू झाला, हे रुग्णाला सांगताच येत नाही. ताप फणफणला, पोटात कळ आली, असं काही झालेलंच नसतं. डोळ्यांचा काचबिंदू हा असाच एक आजार.

‘इन्सिडियस’ हा शब्द मुळात रणांगणावरचा. लॅटिनमध्ये ‘सेदेरे’ म्हणजे बसणं. त्यावरून ‘इन्सिदिए’, म्हणजे वाटेत टपून केलेला हल्ला. मराठीतही दबा धरून ‘बसतात’च. ‘सेदेरे’ आणि संस्कृतातला ‘सद्’ यांचं मूळ एकच, त्यामुळे सदन, सभासद, परिषद हे ‘इन्सिडियस’चे दूरचे, पण सज्जन नातेवाईक ठरतात. रोमनांना ‘इन्सिदिए’ची खरी धग इ.स.पू. 217 मध्ये इटलीतल्या ट्रासिमेनो सरोवराकाठी कळली. सकाळचं दाट धुकं, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला टेकड्या आणि टेकड्यांआड रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचं सैन्य. रोमन सेनापती फ्लामिनियससह सुमारे 15,000 रोमन त्या दिवशी मारले गेले.

तिथे निकाल काही तासांत लागला. काचबिंदू मात्र वर्षानुवर्षं बसून राहतो. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर झिरपतो. जाळीतून निचरा नीट होईना, की आतला दाब वाढतो आणि दृष्टीच्या नसेचे तंतू हळूहळू मरू लागतात. दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही काहींची नस खराब होते, हा त्यातला आणखी एक डाव. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. (अचानक उसळणारा काचबिंदूही असतो, पण तो असह्य वेदना देऊन स्वतःची वर्दी देतो.) नजर आधी कडेची जाते. एका डोळ्याला न दिसलेला भाग दुसरा डोळा भरून काढतो, उरलेली जागा मेंदू अंदाजाने रंगवतो. माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ सहज वाचतो, पण दाराची चौकट खांद्याला लागते.

म्हणून चष्म्याचा नंबर काढून भागत नाही. बाहुली मोठी करून नसेचं टोक पाहावं लागतं, दाब मोजावा लागतो, कडेच्या नजरेची चाचणी करावी लागते. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर यात चालढकल नको. गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यांत घालायचे औषधाचे थेंब फक्त उरलेली राखतात. थेंब घालूनही दिसण्यात काहीच फरक पडत नाही, म्हणून बरेच जण ते मध्येच सोडून देतात.