नाक मोकळं करणाऱ्या औषधांची पार्श्वभूमी

पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरली की गोव्यात घरोघरी नाकं चोंदतात आणि फार्मसीतून थेंबांची बाटली येते. नाक चोंदतं ते शेंबडापेक्षा आतल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे. या औषधांचं काम त्या आवळण्याचं. गुण त्यातच, धोकाही त्यातच.

सुरुवात एफेड्रिनपासून झाली. नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ते माहुआंग वनस्पतीतून वेगळं काढलं. त्याचंच भावंड स्यूडोएफेड्रिन गोळीतून चांगलं लागू पडतं, पण त्यापासून मेथॅम्फेटामाइन हा अमली पदार्थ बनवता येतो, म्हणून २००६ मध्ये अमेरिकेने त्याच्या विक्रीवर निर्बंध आणले. याच कामाचं फेनिलप्रोपॅनोलामाइन २००० मध्येच मेंदूतल्या रक्तस्रावाच्या शंकेने तिथे मागे पडलं होतं. उरलं फेनिलेफ्रिन. गिळलेलं फेनिलेफ्रिन आतड्यात आणि यकृतातच बरंचसं मोडून जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने, गोळीतून त्याचा नाकावर उपयोग होत नाही, असा १६ विरुद्ध ० मतांनी निर्वाळा दिला. आपल्याकडे सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत ते अजून आहेच! रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

थेंबांची गोष्ट वेगळी. ते खरोखर काम करतात. ऑक्सिमेटाझोलिन १९६१ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटच्या मर्क या औषध कंपनीत तयार झालं. थेंबांची तीव्रता मोठ्यांसाठी ०.०५ टक्के, मुलांसाठी ०.०२५. असर दहा-बारा तास टिकतो, म्हणून दिवसातून दोनदाच, तेही तीन दिवस, फार तर पाच. पुढे वाहिन्या औषधाला दाद देईनाशा होतात, असर उतरताच आधीपेक्षा जास्त फुगतात आणि माणूस पुन्हा बाटली उचलतो. सर्दी कधीच गेलेली असते, चोंदणं मात्र औषधाचं असतं. सुटायचं तर आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करावेत, ती मोकळी झाली की दुसऱ्या. जोडीला मिठाच्या पाण्याचा फवारा, आणि डॉक्टरांनी दिला तर स्टिरॉइडचा.

बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. पाच वर्षांखालच्या मुलाच्या पोटात एक-दोन मिली गेलं तरी गुंगी, मंद नाडी, अगदी बेशुद्धीही येऊ शकते. २०१२ मध्ये एफडीएने तसा इशारा दिला. आपल्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन (ॲलर्जीवरचं औषध) आणि फेनिलेफ्रिनच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायला लावलं.

गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाला डायव्हिंगला जाणाऱ्यांची अडचण निराळी. नाक चोंदलेलं असताना गोळी घेऊन पाण्यात उतरलं आणि खाली असतानाच असर संपला, तर वर येताना सायनसमधली (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांतली) हवा फैलावते, पण वाट बंद असते. कपाळात कळ येते, नाकातून रक्तही येतं. चोंदलेल्या नाकाने त्या दिवशी बोटीवरच बसावं.