"अजून शंभर फूट घेऊ" याचा हिशोब

मार्च लागला की आपल्याकडं बोअरच्या गाड्या फिरायला लागतात आणि बांधावर उभं असलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, "अजून शंभर फूट घेऊ, खाली नदी आहे." नदीबिदी काही नाही ओ. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बसाल्टवर आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. वर मुरूम, मग मांजऱ्या (पाषाणाहून मऊ खडक), मग काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत, आणि खोल जाल तशा भेगा साधारण कमीच होत जातात.

आता माझा आवडता हिशोब. एक हेक्टर रानाखाली पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर किती पाणी निघतं? एवढ्या खडकाचं आकारमान १ कोटी लिटर, पण बसाल्टमधून उपसता येतं त्याच्या १ ते ३ टक्के. २ धरा, म्हणजे २ लाख लिटर. गंगेच्या गाळात हाच आकडा १० टक्क्यांच्याही वर जातो. हेक्टरभर उसाला पाटानं वर्षाला २ कोटी लिटरच्या आसपास लागतं, पावसाचं वजा करून निम्मंच उपसलं तरी पातळी ५० मीटर उतरायला पाहिजे. आणि ७०० मिमी पावसातला दहावा भाग मुरला तर ती चढते साडेतीन मीटर! मग बाकीचं येतं कुठून, तर शेजाऱ्याच्या रानाखालून. शिवाय केसिंग (भोकाच्या आतून बसवलेला पाइप) वरच्या थोड्याच फुटांना असल्यानं बोअर म्हणजे टाकीला खालून भोक, मुरमातलं पाणी त्यातून खाली झिरपतं आणि आजूबाजूच्या विहिरी आटतात.

खर्चाचं उलटं. खोलीबरोबर फुटाचा दर वाढत जातो, पाणी लागायची शक्यता मात्र घटते, आणि कोरड्या बोअरला पीक विमा लागू नाही. तरी लोक सोनं गहाण टाकतात, कारण पाणी कुठं लागेल ते सांगणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ तिथं उभा राहिलेला असतो. अहो, मुरमात साठ-सत्तर फुटांवर थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतंच, आणि फेल गेलेल्या बोअर कोण मोजतंय?

२००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, गाडीवाल्याला विचारून बघा. बँका कर्जाला सातबारा मागतात, पाण्याचा हिशोब मागत नाहीत. हिवरे बाजारनं मात्र शेतीसाठी बोअर बंद केल्या, आणि पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडून, पाऊस कमी झाला असेल तर कुठली पिकं घ्यायची नाहीत ते पेरणीआधीच ठरवून टाकतं.