फ्लॅश एकदा पांढराफटक, एकदा काळा? दुकानात आणण्यापूर्वी एवढं करून पाहा

लग्नसराई आणि गणपती, या दोन मोसमांत आमच्या मालवणच्या दुकानात सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच: "फ्लॅश बिघडला, एक फोटो उडतो, पुढचा काळा येतो." यातले बरेच फ्लॅश आम्ही न उघडताच परत देतो, कारण बिघाड आतमध्ये नसतोच. ऐन मोसमात तुमचा एक दिवस आणि येण्याजाण्याचा खर्च वाया जाऊ नये, म्हणून हे पत्रक.

आधी भिंतीवरची चाचणी

कॅमेरा ट्रायपॉडवर, रंगवलेल्या साध्या भिंतीपासून दोन मीटरवर लावा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, शटर १/१२५, अ‍ॅपर्चर ८, आयएसओ ४००. ऑटो आयएसओ आठवणीने बंद करा. फ्लॅशही मॅन्युअलवर, ताकद १/१६, तोंड सरळ भिंतीकडे. दहा-दहा सेकंद थांबून दहा फोटो काढा. मग बाकी काहीही न हलवता फ्लॅश टीटीएलवर (म्हणजे कॅमेरा स्वतः उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवतो तो मोड) टाका आणि आणखी दहा काढा.

मॅन्युअलचे फोटोच कमीजास्त उजळ आले तर दोष सेलचा किंवा खुद्द फ्लॅशचा. मॅन्युअलचे सारखे, पण टीटीएलचे वेडेवाकडे आले तर दोष हॉटशूच्या, म्हणजे कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो त्या खाचेच्या, संपर्कांचा. वीसच्या वीस सारखे आले तर तुमचा फ्लॅश ठणठणीत आहे. गोंधळ समोरच्या दृश्यामुळे होतोय.

सेल

फ्लॅशचा तयार दिवा पेटला म्हणजे आतला कपॅसिटर (फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग) पूर्ण भरला, असं नाही. बऱ्याच फ्लॅशमध्ये तो थोडा आधीच पेटतो. वरात चालू असताना दिवा पेटल्या पेटल्या बटण दाबलं की पुढचा फोटो काळा आलाच. साधे अल्कलाइन सेल संपत आले की भरायला फार वेळ घेतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असले तरी पटकन भरतात, तेच वापरा. चारही सेल एकाच संचातले, एकाच वेळी चार्ज केलेले हवेत. तीन चांगले आणि एक म्हातारा असला तर तो एक बाकीच्यांनाही खाली ओढतो.

हॉटशू आणि आपली खारी हवा

हॉटशूमधला मोठा संपर्क फक्त "आता पेट" एवढंच सांगतो. किती पेटायचं ते बाजूच्या बारीक संपर्कांतून ठरतं. त्यातल्या एकावर जरी मिठाचा थर बसला तरी फ्लॅश पेटतो, पण हिशोब चुकतो. कधी तर तो पूर्ण ताकदीने पेटतो. किनाऱ्यावर प्री-वेडिंग करून आलात आणि बॅग तशीच बंद ठेवलीत, की हा थर ठरलेलाच. मागे एका ग्राहकाच्या फ्लॅशच्या पिना भिंगाखाली पाहिल्या. चारपैकी एकीवर मोहरीच्या दाण्याहून लहान हिरवट ठिपका होता. तो पुसला आणि काम झालं.

कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही बंद करा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन संपर्क पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा गेला की गंज लवकर धरतो. सोनीच्या नव्या बॉडीत बारीक संपर्क खाचेच्या पुढच्या कडेखाली दडलेले असतात. तिथे काडी घालू नका, आमच्याकडे आणा. फ्लॅश बसवताना शेवटपर्यंत सरकवून कुलूप लावा. ही गोष्ट फार जण विसरतात.

दृश्य फसवतं तेव्हा

टीटीएलमध्ये मुख्य प्रकाशाच्या क्षणभर आधी फ्लॅश एकदा हलकासा चमकतो. त्याचा परत आलेला उजेड मोजून कॅमेरा ताकद ठरवतो. बाप्पाच्या मखरात जरीचा पडदा, आरसे, सोनेरी मुकुट असला की उजेड जास्त परततो आणि मूर्ती काळवंडते. तेव्हा फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेली ताकद कमीजास्त करायची सोय) अर्धा ते एक स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. उलट रात्री मांडवाबाहेर मागे नुसता काळोख असेल तर चेहरे उडतात, तिथे तेवढंच कमी करा. नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत आणि नवरा काळ्या शेरवानीत असेल तर चौकट थोडी हलली तरी उजेड बदलतो. अशा वेळी फ्लॅश लॉक (एकदा मोजलेली ताकद धरून ठेवायची सोय) वापरा, किंवा सरळ मॅन्युअलवर जा.

आपल्या कौलारू घरांचा एक वेगळा प्रश्न. स्लॅबच्या घरात छताकडे तोंड करून फ्लॅश मारला की छान मऊ उजेड येतो. इथे वर धुराने काळे झालेले वासे आणि कौलं. सगळा उजेड वरच गिळला जातो, फ्लॅश दर वेळी पूर्ण ताकदीने पेटतो, भरायला वेळ लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या फोटोपासून अंधार वाढत जातो. अशा माजघरात चुना लावलेल्या बाजूच्या भिंतीवर फ्लॅश मारा, नाहीतर पांढरा कार्ड लावून सरळ समोर. अंतरही सांभाळा: दुप्पट लांब गेलात तर उजेड चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप गेले.

उघडू नका

फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात, आणि सेल काढल्यावरही ते काही काळ टिकतात. घरी स्क्रू काढू नका, ही कळकळीची विनंती.

एवढं करूनही जमलं नाही तर जरूर या. येताना फ्लॅशसोबत कॅमेरा बॉडी, नेहमीचेच सेल आणि भिंतीचे वीसही फोटो मूळ स्वरूपात कार्डावर आणा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोत सेटिंगची माहिती उरत नाही.