भिक्खुसंघातले ठराव आणि सलाका

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आठवण करून दिली, की प्रस्ताव, ठराव, गणसंख्या (सभेतली किमान हजेरी), मतमोजणी हे सारे भिक्खुसंघाला ठाऊक होते आणि बुद्धांनी हे नियम तेव्हाच्या राजकीय सभांकडूनच घेतले असणार. वज्जींसारख्या गणसंघांची, म्हणजे सभेने चालणाऱ्या राज्यांची, नियमावली हाती आलेली नाही. संघाची मात्र विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या पाली ग्रंथात, बारकाव्यांसह आहे.

गणसंख्या कामावर ठरे. बहुतेक कामांना चार भिक्खू पुरत. पवारणेला (वर्षावासाच्या शेवटी एकमेकांना आपले दोष दाखवायला सांगण्याच्या विधीला) पाच, मध्यदेशात उपसंपदेला, म्हणजे भिक्खूच्या पूर्ण दीक्षेला, दहा (सीमेवरच्या मुलखात पाच), तर दंड भोगलेल्याला परत सामावून घ्यायला, म्हणजे अब्भानाला, वीस लागत. ज्याच्याविषयी ठराव, तो या संख्येत धरला जात नसे. आजाऱ्याने दुसऱ्याकरवी आपला छंद, म्हणजे संमती, कळवायची. ती न मिळताच काम उरकले तर ते बाद.

आधी ञत्ति, म्हणजे प्रस्तावाची सूचना, मांडायची, मग कम्मवाचा, म्हणजे ठरावाचे वाचन: साध्या कामाला एकदा, उपसंपदेला तीनदा. मान्य असेल त्याने गप्प राहायचे, नसेल त्याने बोलायचे. ञत्ति न मांडता नुसती कम्मवाचा म्हटली, तर ठराव टिकत नसे.

वादात चर्चा भरकटली तर ती उब्बाहिकेकडे, निवडक भिक्खूंकडे सोपवत. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या धर्मसभेत, नियमांविषयीच्या दहा वादग्रस्त मुद्द्यांवर असेच झाले, तेव्हा पूर्वेकडचे चार आणि पश्चिमेकडचे चार भिक्खू नेमले गेले. तिथेही सुटले नाही, तरच येभुय्यसिका, म्हणजे बहुमत.

त्यासाठी संघ ठराव करून सलाकगाहापक, म्हणजे सलाका (मतदानाच्या काड्या) वाटून मते घेणारा, नेमी. पक्षपात, द्वेष, मोह, भय यांनी न ढळणारा आणि कोणी सलाका घेतली, कोणी नाही, हे जाणणारा भिक्खूच या कामाला चाले. गुप्त पद्धतीत तो वेगवेगळ्या रंगांच्या काड्या घेऊन एकेकाकडे जाई, कोणती कोणत्या पक्षाची ते सांगे आणि घेतलेली कोणाला दाखवू नका म्हणे. दुसरी पद्धत कानात सांगण्याची, तिसरी उघड.

गौरवाने लिहिणारे पुढचा भाग सहसा गाळतात. गुप्त मोजणीत अधम्मवादी, म्हणजे धम्माविरुद्ध बाजू घेणारे, जास्त निघाले, तर सलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे ठरवून त्या परत घ्यायच्या, असा नियमच होता. उघड पद्धत धम्मवादी (धम्माच्या बाजूचे) जास्त असल्याची खात्री असेल तेव्हाच वापरायची. क्षुल्लक वादावर किंवा संघ फुटेल असे दिसत असताना घेतलेले मतही अवैध. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याची अशाने नोकरी जाईल. पण धम्म काय हे इथे बहुमताने ठरायचेच नव्हते, मिटवायचे होते ते भांडण.